खरडलेली जमीन आणि उघडे डोंगर

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याची आठवण बीड जिल्ह्यातून लवकर पुसली जाणार नाही. १५ सप्टेंबर रोजी आष्टी तालुक्यातील कडा परिसरात पुराने वेढलेल्या लोकांना लष्कराच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. पुढच्या आठवड्यात सिंदफणेला महापूर आला आणि शिरूर कासार गावात पाणी शिरले. सोयाबीन, कापूस, तूर ही हाताशी आलेली पिके पाण्यात गेली. परंतु पाणी ओसरल्यानंतर नदीकाठच्या आणि ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांना जे पाहावे लागले, ते पीक बुडण्याहूनही भयंकर होते. शेतातली मातीच नाहीशी झाली होती. मागे उरला होता मुरूम, गोटे आणि कोठेकोठे उघडा खडक.

शेतकऱ्यांच्या आणि शासनाच्याही भाषेत याला ‘जमीन खरडून जाणे’ असे म्हणतात. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदतपॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीच्या कामांतून हेक्टरी ३ लाख रुपये, अशी घोषणा त्यात होती. पिकाबरोबर मातीचेही नुकसान होते आणि त्याचीही भरपाई द्यावी लागते, हे शासनाने मान्य केले, याचे आम्ही स्वागतच करतो. तथापि या घोषणेच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. गेलेली माती परत कशी येणार? आणि परत आणलेली माती पुढच्या पावसाळ्यांत जागेवर राहील, याची तजवीज कोण करणार? पहिल्या प्रश्नावर पुष्कळ चर्चा झाली. दुसरा प्रश्न मात्र जवळजवळ कोणी विचारलाच नाही. आमच्या मते या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेताच्या वर, बालाघाटाच्या उतारांवर वाढणाऱ्या, किंबहुना वाढू न दिलेल्या, गवताच्या आणि झुडपांच्या मुळांत आहे.

मातीचा हिशेब

आधी थोडे गणित करू. एका हेक्टरवरील मातीचा केवळ १५ सेंटीमीटरांचा, म्हणजे वीतभराहूनही कमी, थर वाहून गेला असे धरू. ती माती भरते दीड हजार घनमीटर, म्हणजे सुमारे ५३० ब्रास. एका ट्रॉलीत एक ब्रास माती धरली तर एका हेक्टरसाठी ५३० खेपा घालाव्या लागतील. रोख आणि रोजगार हमी मिळून जे ३ लाख ४७ हजार रुपये होतात, त्यांचा भागाकार केला तर एका खेपेच्या वाट्याला साडेसहाशे रुपये येतात. एवढ्या रकमेत माती खोदायची, भरायची, वाहून आणायची आणि शेतात पसरायची. हे कितपत साधेल, हे ट्रॅक्टरचे आणि डिझेलचे भाव ठाऊक असलेल्या शेतकऱ्याला आम्ही सांगण्याची गरज नाही.

शिवाय जी माती आणायची ती बहुधा तलावातला गाळ. गाळ सुपीक असतो हे खरे. पण तो तलावात आला कोठून? वरच्या शेतांतून आणि डोंगरांवरूनच ना! म्हणजे माती वरून खाली वाहते आणि आपण ती पैसे मोजून खालून वर नेतो. वरचा उतार उघडा राहील तोवर हे चक्र चालूच राहील.

हा प्रश्न केवळ महापुराचाही नाही. १९८३ मध्ये ध्रुवनारायण आणि राम बाबू या भारतीय शास्त्रज्ञांनी देशभरातील मातीच्या धुपेचा जो अंदाज मांडला, तो आजही उद्धृत केला जातो. त्यानुसार भारतात दर वर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती आपल्या जागेवरून हलते, म्हणजे सरासरी हेक्टरी १६ टनांहून थोडी अधिक. त्यांपैकी २९ टक्के कायमची समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत साचून त्यांची साठवणक्षमता घटवते. हेक्टरी १६ टन म्हणजे साधारण एक मिलिमीटरहून थोडा जाड थर. एवढा थर गेलेला डोळ्यांना दिसत नाही, त्याचा पंचनामा होत नाही आणि त्याची बातमीही छापून येत नाही. मात्र वीस वर्षांत तो एक इंच होतो, आणि एक इंच माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात.

बालाघाटाची रचना

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी हा घाट अनेकदा ओलांडला असेल. रस्त्यासाठी डोंगर कापला की कापलेल्या भागात जमिनीचा उभा छेद दिसतो. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर, कोठे हातभर तर कोठे चार बोटे. बालाघाटाची सारी संपत्ती ती एवढीच. जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरीकाठी, गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत, जी काळी कसदार जमीन आहे, तीही याच जातीच्या खडकाच्या झिजेतून, हजारो वर्षांच्या साचण्यातून झालेली आहे.

सिंदफणा, बिंदुसरा आणि मांजरा या तिन्ही नद्या याच डोंगराळ पट्ट्यात उगम पावतात. म्हणजे डोंगरावर जे घडते ते यथाकाल खालच्या गावांत, बीड शहरात, माजलगावच्या धरणात आणि मांजरेकाठच्या शेतांत उतरते. या जिल्ह्यात वनक्षेत्र मात्र जेमतेम अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एक तृतीयांश आणि डोंगराळ प्रदेशाचा दोन तृतीयांश भाग वनाखाली असावा असे उद्दिष्ट ठेवले होते. बीड त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मुळे नेमके काय करतात?

‘झाडे लावा, माती वाचवा’ ही घोषणा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पण मुळे माती कशी वाचवतात हे नीट समजून घेतले नाही, तर कोठे काय लावावे हेही कळत नाही.

पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे तीस किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या जमिनीवर तो मातीचा कण फोडतो आणि उडवतो. सुटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, पाणी आत मुरेनासे होते, पृष्ठभागावरून वाहू लागते आणि वाहताना माती घेऊन जाते. जमिनीला चिकटून वाढलेले गवत थेंबाचा मार स्वतःवर घेते. त्याची तंतुमय मुळे वरच्या वीतभर मातीत दाट जाळे विणतात. ही मुळे आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारी बुरशी व सूक्ष्मजीव चिकट द्रव्ये सोडतात. त्यांनी मातीचे कण एकमेकांना बांधले जातात आणि तिचे रवाळ ढेकूळ पाण्यात सहज विरघळत नाही. जुनी मुळे कुजली की त्यांच्या जागी बारीक नळ्या राहतात आणि त्यांतून पाणी खाली उतरते. म्हणजे मूळ जिवंत असताना माती धरते आणि मेल्यावर पाण्याला वाट करून देते.

झुडपे आणि वृक्ष यांची मुळे याहून खोल जातात आणि मातीचा थर खालच्या मुरमाला व खडकाच्या भेगांना खिळ्यांसारखा जखडून ठेवतात. तीव्र उतारावरील दरड सुटू नये यासाठी या खोल मुळांचा उपयोग मोठा. वृक्ष तोडला तरी त्याची मुळे काही वर्षे टिकतात, मग कुजतात, आणि नवी मुळे बळकट होईपर्यंतच्या मधल्या काळात तो उतार सर्वांत दुबळा असतो. त्यामुळे तोडीचा दोष पुष्कळदा अनेक वर्षांनी उघड होतो आणि तोवर तोड कोणी केली हे सारे विसरलेले असतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. झाड आहे म्हणजे माती सुरक्षित आहे, असे मुळीच नाही. सागासारख्या रुंद पानांच्या झाडाखाली गवत वा पालापाचोळा नसेल, तर पानांवर साचून पडणारे टपोरे थेंब जमिनीला अधिकच मार देतात. बालाघाटासारख्या कमी मातीच्या उतारावर मातीचे पहिले रक्षण गवत करते, दुसरे झुडूप आणि तिसरे वृक्ष. आपल्या सरकारी योजनांत हा क्रम नेमका उलटा झाला आहे. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात पन्नास कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. तिच्यात खड्डे मोजले गेले, रोपे मोजली गेली. गवत मोजण्याची सोय कोठेच नव्हती. मशीनने खोदलेल्या सलग समतल चरांचेही तेच. चर पाणी अडवतो, परंतु खोदताना होते तेच गवत उपटले गेले आणि चराच्या भरावावर नवे पेरले गेले नाही, तर दोन-चार पावसाळ्यांत भरावाची माती चरातच येऊन बसते.

मुळांना मर्यादाही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी आणि ३० जुलै २०२४ रोजी केरळमधील वायनाड येथे जे डोंगर कोसळले, त्यांमागे अतिवृष्टी, तीव्र उतार, मातीची जाडी आणि जमिनीचा वापर अशी अनेक कारणे होती. दरड मुळांच्या आवाक्याहून खोल जागी सुटली, तर वरचे रान तिला थांबवू शकत नाही. सप्टेंबर २०२५ सारख्या पुरात नदीने पात्र सोडून जी शेते खरडली, ती सर्व डोंगरावरच्या गवताने वाचली असती, असा दावाही आम्ही करणार नाही. परंतु उघडा डोंगर पाणी लवकर सोडतो, त्याबरोबर माती सोडतो, त्या मातीने ओढ्यांची आणि नद्यांची पात्रे उथळ होतात, आणि उथळ पात्रातले पाणी लवकर शेतात शिरते. काठावरची करंज, उंबर, निर्गुडी आणि वाळा तोडून शेत अगदी पाण्यापर्यंत नेले असेल, तर त्या पाण्याला अडवायला कोणी उरत नाही. पूर टळला नसता. त्याने नेलेल्या मातीचे माप मात्र कमी करता आले असते.

डोंगर उघडा कोणी केला?

याचा दोष गुराख्यावर किंवा शेळ्या राखणाऱ्या म्हातारीवर टाकणे सोपे आहे, आणि बहुधा तेच केले जाते. सत्य अधिक गुंतागुंतीचे आहे. गवताचे पाते मुळाला अन्न पुरवते. पाते वारंवार खुडले गेले की मूळ आखडते, आणि उन्हाळ्याअखेर मेलेल्या मुळांची जमीन जूनच्या पहिल्या वळवाला उघडी सापडते. अनिर्बंध चराईने असे होते, यात शंका नाही. पण होळीच्या सुमारास चांगले गवत येईल या समजुतीने लावलेले वणवे, उतारावर नांगर घालून काढलेली शेती, डोंगर पोखरून काढलेला मुरूम, पवनचक्क्यांसाठी आणि वस्त्यांसाठी उतार कापून केलेले रस्ते, या साऱ्यांचा वाटा कोणी मोजायचा? शेतातही तेच चालले आहे. वाटण्या होता होता ‘बांध कोरणे’ हा गावोगावच्या भांडणांचा विषय झाला. उरलेल्या बांधावरचे गवत आता तणनाशकाने जाळले जाते. ज्या बांधावर एकेकाळी तरवड, घायपात आणि मारवेल होते, तो बांध मुळांविना मातीचा नुसता ढिगारा होतो आणि पहिल्या मोठ्या पावसात फुटतो.

याची किंमत कोण मोजते? दरवर्षी दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या स्थलांतराची कारणे अनेक आहेत, परंतु पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतील हलक्या, धुपून गेलेल्या जमिनी हे त्यांतील एक मोठे कारण आहे. दोन-तीन एकरांवरची माती पातळ झाली की ओल टिकत नाही, ओल टिकली नाही की रब्बी येत नाही, आणि रब्बी आली नाही की कोयता हाती घ्यावा लागतो. औरंगाबाद धर्मप्रांतात बीड जिल्ह्याचा समावेश होतो. या प्रश्नाकडे दूरच्या कोणाचा प्रश्न म्हणून आपल्याला पाहता येणार नाही.

शेजारच्या जिल्ह्याचा धडा

उपाय नाहीत असे नाही. बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, हे काम गेली चार-पाच दशके झालेले आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांची नावे सर्वांना परिचित आहेत. त्याच जिल्ह्यातील फादर हर्मन बाखर यांचे नाव आपल्या वाचकांनाही आता फारसे आठवत नसावे. स्वित्झर्लंडचे हे येशूसंघीय धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांत आयुष्य वेचले. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागची प्रेरणा त्यांचीच. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी केली. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

या कार्यक्रमाची दोन सूत्रे आम्हांला येथे महत्त्वाची वाटतात. पहिले ‘माथा ते पायथा’. काम डोंगरमाथ्यावरून सुरू करायचे आणि मग खाली यायचे, कारण वरचा उतार बांधल्याविना खालचा बंधारा गाळानेच भरतो. दुसरे सूत्र असे की गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतः ठरवायची, पैसा त्यानंतर.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ पासून हे काम झाले. तेथे चराईबंदीला मेंढपाळांचा विरोध होता आणि तो स्वाभाविकच होता. डोंगर बंद झाला तर त्यांनी जायचे कोठे? तेव्हा सारा डोंगर एकदम बंद न करता तो टप्प्याटप्प्याने राखण्याची वाट काढण्यात आली. वर्षातून जेमतेम तीन-चार महिने शेतीकाम मिळणाऱ्या त्या गावात पुढे नऊ-दहा महिने काम मिळू लागले. राखलेल्या डोंगरावर गुरे सोडायची नाहीत, गवत मात्र विळ्याने कापून न्यायचे, ही हिवरे बाजारची रीतही याच जातीची. कापलेल्या गवताचे मूळ शाबूत राहते आणि गोठ्यातल्या जनावराचे पोटही भरते.

बीडमध्येही आधार घेण्याजोगे पुष्कळ आहे. बालाघाटाच्या खडकाळ उतारावर सीताफळ कोणी न लावता उगवते. शेळी त्याला तोंड लावत नाही, त्याची मुळे मुरमात घट्ट रुततात, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. माती धरणारे आणि चार पैसे देणारे याहून चांगले झुडूप या उतारांसाठी कोणते असेल? बीडजवळ पालवण येथील डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्री देवराई उभी केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलन भरले. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यामुळेही बालाघाटाचा एक तुकडा कायद्याने राखीव आहे. उतार राखणे येथे अशक्य नाही, एवढे यावरून दिसते.

आता करायचे काय?

आमच्या सूचना साध्या आहेत. खरडलेल्या जमिनीसाठी जो पैसा येतो, त्याचा काही हिस्सा त्या जमिनीच्या वरच्या उतारासाठी आणि ओढ्याच्या काठासाठी राखून ठेवावा. नुसती माती टाकून काम संपल्याचा दाखला दिला जाऊ नये. बांधावर आणि काठावर मारवेल, पवन्या, वाळा यांसारखे गवत लागले की नाही, हेही पाहावे. गायरानाचा आणि डोंगराचा एक भाग दर दोन-तीन वर्षांनी आळीपाळीने बंद ठेवावा, आणि ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या त्यावर जगतात त्यांना गवत कापून नेण्याचा पहिला हक्क द्यावा. भूमिहीनांची शेळी ही त्यांची बँक आहे. तिचा विचार न करता केलेली चराईबंदी अन्यायाची होईल आणि टिकणारही नाही. वृक्षलागवडीच्या कामाचे मोजमाप लावलेल्या रोपांवरून न करता तीन वर्षांनंतर झाकल्या गेलेल्या जमिनीवरून व्हावे.

यांपैकी बऱ्याच गोष्टी ग्रामसभेत ठरू शकतात. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत गावच्या कामांचा आराखडा वाचला जातो, तेव्हा बहुधा रस्ते, सभामंडप आणि बंधारे यांचीच यादी असते. आमच्या वाचकांपैकी जे त्या सभेला जातात, त्यांनी तेथे एकच प्रश्न विचारावा: आपल्या गावच्या ओढ्याला पाणी ज्या उतारावरून येते, त्या उतारावर जूनच्या पहिल्या पावसाला गवत उभे असेल काय? ‘नाही’ असे उत्तर आले, तर आराखड्यात पहिले काम कोणते लिहायचे हे सभेला आपोआप कळेल. ज्यांना स्वतःचे शेत आहे त्यांनी सभेचीही वाट पाहू नये. बांधावरचे गवत या वर्षी तणनाशकाने न जाळता विळ्याने कापावे, एवढी सुरुवात पुरेशी आहे.